सगळी घरचीच माणसं

मराठी मालकाला विचारा, तुमच्याकडे कामगार किती? आकडा सांगायच्या आधी तो तुमची चूक सुधारतो. "कामगार कसले हो, सगळी घरचीच माणसं." छापखानेवाले हे म्हणतात, द्राक्षं पॅक करणारे म्हणतात, क्लासवाले म्हणतात. पण आमचे अण्णा ज्या गहिवरानं म्हणतात, तो गहिवर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

अण्णांचा धंदा मसाल्याचा. कोल्हापूर शहरात तीन दुकानं आणि शिरोलीच्या एमआयडीसीत कारखाना. मार्च ते मे तिकडून जाताना डोळ्यांतून पाणी येतं, ते मिरचीमुळं. एरवी येतं ते अण्णांच्या बोलण्यामुळं. दुकानं, गोदाम, कारखाना धरून साठेक माणसं. "आमच्यात मालक-नोकर असला प्रकारच न्हाई," अण्णा सांगतात, आणि हे ऐकायला गल्ल्याजवळ उभा असलेला पोरगा चहा आणायला पळतो.

कायद्याला मात्र घर हा प्रकारच कळत नाही. एक काम घेणारा आणि एक काम करणारा, एवढं त्याला दिसतं. मग तो विचारत सुटतो : किती वाजता आला, किती वाजता गेला, सुट्टी कधी, पगार कधी, लिहून काय दिलंय? अण्णांना हे प्रश्न अपमानास्पद वाटतात. घरात कुणी असलं विचारतं का? बरोबर आहे. घरात धाकट्या भावाला नेमणूकपत्र नसतं, सुनेला ओव्हरटाइम नसतो आणि आईला साप्ताहिक सुट्टी नसते. तेव्हा 'घरच्यासारखं' म्हणजे घरातल्या नक्की कुणासारखं, हे एकदा विचारून घ्यावं. माझा अंदाज, सुनेसारखं.

अण्णा वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. कुणाच्या मुलीचं लग्न असलं तर मसाला, तेल, वर अकरा हजार, कुणाला सांगू नको म्हणून. कुणाच्या आईला रात्री दवाखान्यात न्यायचं तर अण्णांची गाडी. त्यांची हरकत फक्त देण्याच्या सक्तीला आहे. अकरा हजार प्रेमानं देणारा हात भविष्यनिर्वाह निधीच्या चलनावर सही करताना थरथरतो.

त्या थरथरण्यातूनच पगारपत्रक नावाचा ललित साहित्यप्रकार जन्माला आला. मला अण्णांच्या गोदामाच्या राखणदाराची पगाराची चिठ्ठी वाचायचा योग आला. गडी गोदामावरच्या खोलीत फुकट राहतो, अविवाहित आहे. एकूण पगार १६,००० रुपये. त्यात मूळ वेतन फक्त ६,०००. बाकीचं सगळं भत्ते : घरभाडे भत्ता, जिना उतरण्यासाठी वाहन भत्ता, न जन्मलेल्या मुलांसाठी शिक्षण भत्ता आणि धुलाई भत्ता. त्याच्या अंगावरच्या बनियनकडे पाहता शेवटचा भत्ता तर शुद्ध कल्पनाविलास होता. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पीएफचे बारा टक्के मूळ वेतनावर बसतात म्हणून. सहा हजारांवर ७२० रुपये. तेच १५,००० च्या मर्यादेवर धरले तर १,८००. एका माणसामागं महिन्याला हजारभराची कादंबरी.

या लेखनावर सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१९ मध्ये परखड समीक्षा केली. सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पीएफपुरता पगारच, असं न्यायालय म्हणालं. आता नव्या वेतन संहितेनं तर प्रतिभेला पानांची मर्यादाच घातली आहे. भत्ते एकूण रकमेच्या निम्म्यावर गेले, की वरचे गुपचूप पगारात धरायचे. एक मात्र खरं, की राखणदाराची तक्रार काहीच नव्हती. "कापून हातात किती येणार, तेवढं सांगा," एवढीच त्याची समीक्षा. साठाव्या वर्षाची काळजी पंचविसाव्या वर्षी करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, म्हणूनच तर ती कायद्याला करावी लागते.

कर्मचारी राज्य विमा योजनेचं, म्हणजे ईएसआयचं, गणित त्याहून न्यारं. कामगाराचा पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि पगार २१,००० च्या आत असला तरच. अण्णांच्या कारखान्यातल्या एका फिटरनं चक्क पगारवाढ नाकारली. बायकोचं ऑपरेशन तोंडावर आलं होतं आणि वाढीव पगारानं तो रेषेच्या बाहेर जाणार होता. "अण्णा, दिवाळीनंतर वाढवा," तो हात जोडून म्हणाला. एका कामगारानं पगार वाढवू नका म्हणून विनवावं, हा अण्णांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस. आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बघा, याला म्हणायचं घरचं माणूस."

व्यवसाय कराबद्दल काय सांगावं! १९७५ साली रोजगार हमीला पैसा उभा करायला आलेला हा कर. पगार बरा असला तर महिन्याला दोनशे रुपये, आणि फेब्रुवारीत तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर अडीच हजार. वर्षातला सगळ्यात छोटा महिना, आणि कापणी सगळ्यात मोठी. दर फेब्रुवारीत पगाराच्या दिवशी अण्णांच्या हिशेबनिसाच्या टेबलाभोवती तीच गर्दी आणि तोच प्रश्न. हिशेबनीसबाईंनी अखेर त्याचं उत्तर लॅमिनेट करून टेबलावर चिकटवलं. कायद्याबद्दलची त्या इमारतीतली ती तोवरची एकमेव सूचना, जी कुणीतरी वाचली.

कामगार कल्याण निधी हे अण्णांचं खास दुखणं. रक्कम किरकोळ. जून आणि डिसेंबर, कामगाराचे २५ आणि मालकाचे ७५ रुपये. पण "हे पैसे जातात कुठं?" असं म्हणून अण्णा दर सहा महिन्यांनी पाऊण तास बोलतात. पैसे कुठं जातात ते त्यांच्याच डिस्पॅचमधल्या पोराला पक्कं ठाऊक आहे. तो दरवर्षी कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत काम करतो. गेल्या खेपेला अण्णांना आग्रहानं पहिल्या रांगेत बसवलं होतं. नाटकात पोरगा मिलमालक झाला होता. चालणं अण्णांचं, बोटातल्या अंगठ्यांशी खेळणं अण्णांचं, आणि दुसऱ्या अंकात संपकऱ्यांना उद्देशून वाक्य : "अरे, तुम्ही तर माझ्या घरची माणसं!" प्रेक्षागृह कोसळलं. सगळ्यात जोरात टाळ्या अण्णांनी वाजवल्या. "मालक काय हुबेहूब केलाय! असले असत्यात बरं का लोक," असं ते मला नाटक संपल्यावर म्हणाले.

आता हजेरी. पूर्वी मस्टर होतं, म्हणजे लाल कापडी बांधणीचं लांबलचक बाड, त्यात 'ह' आणि 'गै'. चिरंजीव पुण्याहून एमबीए करून आले आणि त्यांनी अंगठ्याचं यंत्र बसवलं. पहिल्याच दिवशी यंत्रानं कारखान्यातल्या निम्म्या बायकांना ओळखायलाच नकार दिला. वर्षानुवर्षं मिरच्यांची देठं खुडून आणि हळकुंडं निवडून बोटांवरच्या रेषा गेलेल्या, उरल्या असतील त्यांत हळद बसलेली. एक काकी अंगठा पदराला पुसून, फुंकर मारून, देवाचं नाव घेऊन टेकवत होत्या आणि यंत्र दर वेळी इंग्रजीत 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. शेवटी काकी म्हणाल्या, "त्याला म्हणावं, बावीस वर्षं झाली हितं, तू कालचा." मग चेहरा ओळखणारं यंत्र आलं. मिरचीच्या कारखान्यात नाका-तोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी उभं राहत नाही, हे ते यंत्र विकणाऱ्याला कोण सांगणार? सध्या मस्टर पुन्हा चालू आहे. अंगठ्याचं यंत्र भिंतीवर आहे आणि त्यात वेळ बघतात.

हंगामात वेळ बघायला मात्र बंदी. उन्हाळ्यात अख्खं कोल्हापूर वर्षाची चटणी करून ठेवतं, कारखाना रात्री दहापर्यंत चालतो. जादा तासाला दुप्पट दर, हे कारखान्यांच्या कायद्यात १९४८ पासून लिहिलेलं. अण्णांचं म्हणणं, हंगामात घरची माणसं तास मोजत बसत नाहीत. मोजत नाहीत कशी! काकींच्या डोक्याला बांधलेल्या फडक्याच्या गाठीत एक चिठ्ठी असते, तीवर उभ्या रेघा असतात, आणि महिनाअखेरीला ती चिठ्ठी आणि मस्टर यांत फरक निघाला तर मस्टर दुरुस्त होतं.

साप्ताहिक सुट्टी पंचांगात छापून येते, असा अण्णांचा प्रामाणिक समज आहे. रविवार ना? रविवारी सुट्टी असतेच. ती आपोआप आलेली नाही, त्यासाठी नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या सत्यशोधक माणसानं १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि सहा वर्षांनी, १० जून १८९० ला, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली, हे मी त्यांना सांगितलं. अण्णा विचारात पडले. "म्हणजे त्याच्या आधी रविवारी गिरण्या चालू?" मी म्हटलं, हो. "उत्पादन किती निघत असंल," अण्णा म्हणाले. नंतर स्वतःच ओशाळून पुस्ती जोडली, की रविवार तसा जोतिबाचा वार, खंडोबाचाही, त्या दिवशी बंद असलेलं चांगलंच.

दुकानांच्या सुट्ट्यांची बैठक हा तर पाहण्यासारखा सोहळा. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यानं सणांच्या आठ पगारी सुट्ट्या ठरवून दिल्या. त्यातल्या चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आत आपसांत ठरवायच्या. आपसांत! हा शब्द कायद्यात लिहिणारा माणूस कोल्हापूरचा नव्हता, एवढं नक्की. चार जागा आणि इच्छुक एकवीस : पाडवा, बेंदूर, गणपती, गौरी, दसरा, दिवाळीचे किमान तीन दिवस, ईद, मोहरम, प्रत्येकाच्या गावची जत्रा. एकानं 'कुस्त्यांचं मैदान' हा सण सुचवला आणि त्याला दोन अनुमोदनं मिळाली. बायकांनी गौरीपूजनावर एकजूट केली. अण्णांनी "गौरी आमच्या घरीबी असत्यात, आम्ही दुकान उघडतोच की," असं म्हणून पाहिलं. त्यावर अण्णांच्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या वहिनी, आतून म्हणाल्या, "उघडता तुम्ही. गौरी मी बसवते." गौरी मंजूर झाली. दसरा आणि दिवाळीचा पाडवा बिनविरोध. चौथी सुट्टी गल्ल्यावर सतरा वर्षं बसणाऱ्या चाचांच्या शब्दाखातर रमजान ईदला गेली. जोतिबाच्या चैत्र यात्रेला कुणी सुट्टी मागितली नाही. ती मागायची गरज नसते, त्या दिवशी सगळे आजारी असतात.

चिरंजीवांनी मग धोरण आणलं. धोरण म्हणजे पीडीएफ, पानं चौऱ्याऐंशी. मुखपृष्ठावर अण्णांच्या मसाल्याचं बोधचिन्ह, आणि एकसष्टाव्या पानावर कुठल्याशा परदेशी सॉफ्टवेअर कंपनीचं नाव तसंच राहिलेलं. 'कर्मचाऱ्यांनी आपला पाळीव प्राणी कार्यालयात आणताना घ्यावयाची काळजी' असं एक कलम होतं. गोदामातल्या मांजरीला ते पूर्वलक्षी प्रभावानं लागू झालं असावं. पॅकिंगच्या बायकांनी स्वतःच्या बौद्धिक संपदेचे सर्व हक्क कंपनीला द्यायचे होते. काकींनी विचारलं, "म्हणजे काय द्यायचं?" चिरंजीव म्हणाले, "तुमच्या डोक्यात जे काही नवीन येईल ते." काकी म्हणाल्या, "माझ्या डोक्यात येतंय ते दिलं तर झेपंल का तुम्हाला?" आणि एकेचाळिसाव्या पानावर अतिहिमवृष्टीमुळं कामावर पोचता न आल्यास द्यायच्या पगारी रजेची सविस्तर तरतूद होती.

कोल्हापुरात बर्फ पडल्याची नोंद नाही. पूर मात्र येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आली आणि तो रस्ता कित्येक दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हा पगार द्यायचा का, किती द्यायचा, पुरात अडकलेल्या माणसाची रजा कुठल्या खात्यात टाकायची, याबद्दल चौऱ्याऐंशी पानांत चकार शब्द नव्हता. अण्णांनी तेव्हा सगळ्यांना पूर्ण पगार आणि वर पंधरा दिवसांचा शिधा दिला होता, कुठलाही कागद न बघता. त्यांचं हे असं आहे. म्हणून तर त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

आता थोडं जुन्या कारखाने कायद्याबद्दल, कारण तो वाचनीय होता. १९४८ चा. प्रत्येक कारखान्यात सोयीच्या जागी पिकदाण्या ठेवाव्यात, त्या स्वच्छ राखाव्यात, आणि पिकदाणी सोडून इतरत्र थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड करावा, असं विसाव्या कलमात होतं. पाच रुपये हा दंड १९४८ साली जरबेचा असेल. पुढं तंबाखूची पुडी महाग झाली आणि दंड स्वस्त राहिला. अण्णांनी जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या आणि विसावं कलम निकालात काढलं. आणखी एक : भिंतींना पांढरा रंग दर चौदा महिन्यांत एकदा, आणि दिल्याची तारीख नोंदवायची. बारा नाही, पंधरा नाही, चौदा. मसाल्याच्या कारखान्यात पांढरी भिंत चौदा दिवसांत भगवी होते, हा भाग वेगळा.

पिण्याच्या पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटर लांब हवी आणि तिथं बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं हवं, हेही त्यातलंच. एकदा तपासणीची कुणकुण लागल्यावर अण्णांनी अंतर मोजलं. साडेतीन मीटर भरलं. टाकी हलवायची म्हणजे प्लंबर आला, पाइप आला, दोन दिवस आले. अण्णांनी 'पिण्याचे पाणी' हा स्टिकर काढला आणि लांबच्या हात धुवायच्या टाकीवर चिकटवला. साहेबांनी तपासलं, समाधान व्यक्त केलं आणि अण्णांच्या देखत त्या टाकीतलं पेलाभर पाणी पिण्याची इच्छा प्रदर्शित केली. त्या दुपारीच प्लंबर आला.

मला त्या कायद्यात सर्वांत आवडलेलं कलम बाविसावं. चालू यंत्राला तेल घालणं, पट्टा नीट करणं ही कामं अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या, खास शिकवलेल्या प्रौढ पुरुषानंच करावीत, आणि ते घट्ट कपडे मालकानं पुरवावेत. अण्णांच्या कारखान्यात चालू कांडप यंत्राच्या पट्ट्याला हात घालायची हौस एकाच माणसाला. तो माणूस प्रौढ आहे, पुरुष आहे, आणि ढगळ लेंगा घालून असतो. त्याला घट्ट कपडे मालकानं पुरवायचे तर मालकानं स्वतःच स्वतःला पुरवायला हवेत. अखेर फिटरनं एक दिवस यंत्र बंद केलं आणि म्हणाला, "अण्णा, तुम्ही लांब थांबा. तुम्हाला ईएसआय लागू न्हाई."

स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथं अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, या विषयाची जाण असलेला. समिती नसली तर ५०,००० रुपये दंड. "आमच्यात असलं काय होत न्हाई," ही अण्णांची पहिली प्रतिक्रिया. घरच्या माणसांत असलं काही होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी घरं पाहिलेली नसतात. पण ते असो. दंडाचा आकडा ऐकून समिती झाली. अध्यक्ष वहिनी, कारण कागदोपत्री त्या व्यवस्थापक. बाहेरचा सदस्य म्हणून अण्णांनी आपला वकील मेहुणा सुचवला, तो अण्णांच्या कामगार कायद्यांच्या कन्सल्टंटनी खोडून काढला आणि एका संस्थेत काम करणाऱ्या बाई आणल्या. पहिल्या बैठकीत चहा, बटाटेवडा आणि 'तक्रार नाही' असा ठराव झाला. सूचनेचा कागद नियमाप्रमाणं दर्शनी भागात लावला आणि मग तिथंच कॅलेंडर लावलं.

वर्षभरानं पॅकिंगमधल्या एका मुलीनं कॅलेंडर उचलून तो कागद वाचला. तक्रार कारखान्यातल्या कुणाविरुद्ध नव्हती. लसूण पुरवणारा व्यापारी मालाच्या पावतीवर सही घेताना हात सोडत नसे, आणि बोलायचा ते वेगळंच. अण्णा म्हणाले, तो तर बाहेरचा माणूस, आपला कायदा त्याला कसा लागणार? बाहेरच्या सदस्य बाईंनी शांतपणे कायदा उघडला : कामाच्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यांपासूनही बायकांना सुरक्षित ठेवणं मालकाकडंच आहे. अण्णांनी दुसरा मुद्दा काढला. तो व्यापारी पंचेचाळीस दिवसांची उधारी देतो, आजवर कधी तगादा नाही. वहिनी इतका वेळ गप्प होत्या. "पंचेचाळीस दिवसांच्या उधारीला पोरीचा हात द्यायचा का?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि मिटिंगच्या वहीत काय लिहायचं ते त्यांनी हिशेबनीसबाईंना सांगितलं. मुलीला पोलिसांत जायचं असेल तर सोबत कोण जाणार, हेही त्यात लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून व्यापाऱ्याची गाडी फाटकावर थांबली. लसूण आता दुसऱ्याकडून येते, किलोमागं आठ रुपये महाग आणि रोखीनं. कॅलेंडरसाठी वहिनींनी दुसरा खिळा ठोकून घेतला.

प्रसूतीच्या रजेवरूनही एकदा असंच झालं. सव्वीस आठवडे पगारी, ऐकून अण्णा म्हणाले, "आमची आई शेतात बाळंत झाली आणि चौथ्या दिवशी भांगलायला." वहिनी म्हणाल्या, "आणि पाचव्या दिवसापासून कंबर धरून बसल्या त्या मरेपर्यंत. ते सांगा की." विषय संपला.

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्रानं चार श्रमसंहिता लागू केल्या. जुने एकोणतीस कायदे गेले, चार आले. अण्णांनी ही बातमी वाचून कपाटातल्या फायली मोजल्या आणि पंचवीस रद्दीत घालायची तयारी केली. कन्सल्टंट धावत आले. फिकट निळा शर्ट, खिशाला चार पेनं, बगलेत फुगलेली बॅग. यांच्या पोटावर पाय येणार, या कल्पनेनं अण्णांनी त्यांना सहानुभूतीनं कॉफी मागवली. पण त्यांचा चेहरा खुलला होता. "जुन्या नोंदी जपायच्या, नवीन नमुने भरायचे, आणि काही नियम अजून जुनेच धरायचे," ते म्हणाले. फी वाढली. सोपं करून दिलेल्या गोष्टी समजावून सांगायला आपल्याकडं नेहमीच जास्त पैसे पडतात.

नव्या कायद्यानं प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं. अण्णांनी ते एका झटक्यात, समारंभपूर्वक दिलं, पेढ्यांसकट. पंचवीस वर्षं काम करणाऱ्या बायका कागद हातात घेऊन उभ्या होत्या. काकी म्हणाल्या, "म्हणजे आजवर आम्ही पाहुण्या होतो व्हय?"

या सगळ्यात मुख्य हिशेब राहिला तो तात्यांचा. तात्या अण्णांच्या वडिलांच्या वेळचे, दुकानात एकतीस वर्षं. मसाल्याचा वास घेऊन त्यात धणे कुठल्या बाजाराचे, हे सांगणारा माणूस. साठीला त्यांना निरोप दिला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि अण्णांचं भाषण. "तात्या नोकर नव्हतेच. आमच्या घरातले वडीलधारे," असं म्हणताना अण्णांना खरोखर हुंदका आला. टाळ्या ओसरल्यावर कन्सल्टंटनी कागद पुढं सरकवला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता १८,२००. भागिले २६, म्हणजे रोजचे सातशे. गुणिले १५, गुणिले ३१ वर्षं. ग्रॅच्युइटी ३,२५,५०० रुपये, तीस दिवसांच्या आत, उशीर झाला तर व्याज.

अण्णांचा हुंदका जागच्या जागी थांबला. "अहो, घरच्या माणसाला कुणी ग्रॅच्युइटी देतं का?"

तात्या शालीची घडी घालत होते. ती घालता घालताच म्हणाले, "घरातला असतो तर वाटणी मागितली असती, मालक. त्यापेक्षा हे परवडंल."

चेक तिथंच फाडला गेला. अण्णांना एकदा पटलं की ते घासाघीस करत नाहीत. पीएफचे पैसे मात्र अडकले, त्यात अण्णांचा दोष नव्हता. तात्यांचं नाव आधार कार्डावर बाळासो, पीएफच्या नोंदीत बाळासाहेब आणि बँकेत बाळू. आमच्या भागात एकाच माणसाची ही तीन नावं असतात आणि तिन्ही हाकांना तो ओ देतो, पण हे दिल्लीच्या संगणकाला कसं कळावं? तिघे एकच आहेत, असं संयुक्त घोषणापत्र मालक आणि कामगारानं मिळून द्यावं लागतं. ते भरायला दोघे खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच अण्णांना कळलं, की तात्यांचं नाव तात्या नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी नवाच्या ठोक्याला तात्या दुकानात हजर. घरी करमत नाही म्हणाले, आणि धण्याच्या पोत्यात हात घालून बसले. अण्णांनी विजयी मुद्रेनं माझ्याकडं पाहिलं. "बगा! म्हणत हुतो की न्हाई? याला कुठला कायदा लावणार?"

कन्सल्टंट नेमके तिथंच होते. त्यांनी कपाळाला हात लावला. एकतर मस्टरवर घ्या, नाहीतर आत येऊ देऊ नका, तपासणी आली तर काय सांगणार? अण्णा म्हणाले, मस्टर कशाला, तात्या काय परके आहेत? गिऱ्हाईकं थांबून ऐकायला लागली.

तात्यांनी मूठभर धणे नाकाशी नेले, हुंगले, परत टाकले आणि हात झटकत कन्सल्टंटना विचारलं, "साहेब, ठरावीक मुदतीवर घेतलं तर आता म्हणं एका वर्षातच ग्रॅच्युइटी लागू हुती. खरं हाय का?"